दोन सूत कमी

आमच्या टेबलाविषयी फारसे काही सांगण्यासारखे नाही. मराठीच्या कोणत्याही प्राध्यापकाचे टेबल डोळ्यांसमोर आणावे आणि त्याला दोनाने गुणावे, म्हणजे झाले. आम्ही दोघे नवराबायको एकाच महाविद्यालयाच्या मराठी विभागात शिकवतो. विभाग एक, घर एक आणि दुर्दैवाने टेबलही एकच. तपासायच्या वह्या, तपासलेल्या वह्या, 'तपासल्या असे समजावे' अशा वह्या, परिषदांतून मिळालेल्या आणि कधीच न उठलेल्या पेनांचे ढिगारे, स्टेपलरच्या पिनांचे अर्धवट डबे, खडू, चष्मे. बाजारातून आणलेले प्लॅस्टिकचे दोन पेनस्टँड उन्हाने तडकून गेले होते. तेव्हा गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही ठरवले की टेबलावर ठेवायला लाकडाचे एक साधेसे कलमदान आपणच करायचे. तीन खणांचे, पुढच्या फळीवर थोडी नक्षी असलेले.

'आपणच' हा शब्द तेव्हा सहज तोंडातून गेला. तो किती जड आहे हे पुढच्या वीस-बावीस दिवसांत कळले, आणि हा लेख त्याविषयीच आहे. लेखात 'आम्ही' असे म्हटले आहे, त्यात मोठेपणाचा भाग नाही. दोघांनी मिळून काम केले आणि दोघे मिळूनच लिहीत आहोत. पण काही ठिकाणी आमच्यात फरक करावा लागेल. तसे झाले तर आम्ही एकाला 'मुलगा' म्हणू आणि दुसरीला 'सून'. कारण या सगळ्या प्रकरणात आमची जी काही ओळख होती ती नानांच्या संदर्भातलीच होती. नाना म्हणजे आमच्यापैकी एकाचे वडील, दुसरीचे सासरे. कृष्णाकाठच्या एका खेड्यात त्यांनी पन्नास वर्षे सुतारकाम केले.

लाकूड घरचेच होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला जो महापूर आला त्यात गावाकडचे आमचे घर पडले. मातीच्या भिंती चार दिवस पाण्यात राहिल्या आणि पाणी ओसरल्यावर एकेक करून बसत गेल्या. भिंती गेल्या तरी दाराची सागवानी चौकट तशीच उभी होती. घर नाही आणि दार आहे, हे दृश्य आम्ही कादंबरीत वाचले असते तर वर्गात त्याला 'प्रतीकात्मक' म्हणून मोकळे झालो असतो. तिथे मात्र नाना चौकटीच्या आतल्या बाजूला उभे राहून तिचा काटकोन अजून शाबूत आहे की नाही ते गुण्या लावून पाहत होते. तो शाबूत होता. ही चौकट त्यांच्या वडिलांनी केलेली. नाना आमच्याकडे राहायला आले, ते कपड्यांची एक पिशवी, हत्यारांची पेटी आणि त्या चौकटीचे सुटे केलेले चार तुकडे घेऊन. गणेशपट्टी आम्ही बैठकीत भिंतीला लावली. बाकीचे तुकडे गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडखाली पडून राहिले.

नानांना आता कंपवात आहे. उजवा हात जास्त हलतो. पेटी कॉटखाली असते.

आता ती गोष्ट सांगायला हवी, जी सांगितल्याशिवाय पुढचे काही कळणार नाही. सुताराच्या घरात वाढलेल्या मुलाला सुतारकाम येत नाही, असे कसे? गवयाचे पोर रडले तरी सुरात रडते म्हणतात. आमच्यातल्या मुलाला साधा खिळा सरळ ठोकता येत नाही. १९९१ साली तो सातवीत असताना शिष्यवृत्तीच्या परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी त्याने खेळता खेळता पटाशी हातात घेतली आणि उजव्या हाताचे बोट कापून घेतले. परीक्षा त्याने बोटाला चिंधी बांधून दिली. शिष्यवृत्ती मिळाली नाही. त्या दिवसानंतर नानांनी पेटीला कुलूप घातले. मुलाने कामाच्या जागी यायचे नाही, असा नियम झाला. बाहेरून येणाऱ्या शिकाऊ पोरांना नाना शिकवीत, स्वतःच्या मुलाला नाही. पुढे हा मुलगा मराठी घेऊन एम.ए. झाला, प्राध्यापक झाला आणि गेली अनेक वर्षे ग्रामीण साहित्याच्या अभ्यासपत्रिकेत विद्यार्थ्यांना बैलगाडीचे आरे, धाव, कणा, जू हे शब्द फळ्यावर लिहून समजावून देतो. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या 'गावगाडा'मध्ये (१९१५) बलुतेदारांच्या थोरल्या ओळीत सुतार येतो, हे आम्ही दोघेही दरवर्षी सांगतो. प्रश्नपत्रिकेत त्यावर टीपही विचारतो. चार गुणांची.

म्हणून जेव्हा आम्ही कलमदान करायचे म्हटले तेव्हा नानांनी पहिल्यांदा ऐकलेच नाही असे केले. दुसऱ्यांदा म्हणाले, "इकत मिळतंय की." तिसऱ्यांदा सुनेने विचारले, आणि त्यांनी किल्ली काढून दिली. ती त्यांच्या करगोट्याला होती.

चौकटीचा एक उभा तुकडा आम्ही वखारीत नेऊन त्याच्या अर्ध्या इंचाच्या फळ्या पाडून आणल्या. आमच्या हस्तकलेची शुद्धता इथेच संपली असे कुणाला वाटेल; पण चार इंच रुंदीचे जुने सागवान हाताच्या करवतीने उभे चिरणे आमच्या आवाक्यातले नव्हते आणि नानांचाही तसा आग्रह नव्हता. "चिराय गाडीवान लागतो, सुतार न्हाई," असे काहीसे ते म्हणाले. त्याचा अर्थ आम्हांला अजून नीट लागलेला नाही. वखारीत जाण्यापूर्वी मात्र त्यांनी तो तुकडा उन्हात आडवा ठेवायला लावला आणि बोटांनी चाचपून त्यातले सहा खिळे शोधून काढले. आम्हांला चार दिसले होते.

जुन्या सागवानाचे कौतुक आम्ही पुस्तकांतून पुष्कळ वाचले होते. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या छताला ज्या लाकडी फासळ्या आहेत त्या सुमारे दोन हजार वर्षांच्या आहेत. विद्यार्थ्यांच्या सहली नेऊन त्या आम्ही कितीदा तरी दाखवल्या आहेत. वेरूळच्या दहाव्या लेण्याला लोक 'सुताराची झोपडी' म्हणतात, कारण तिथे छताच्या तुळया-फासळ्या लाकडाच्या असाव्यात तशा दगडात कोरल्या आहेत. दगडाला त्यांची काही गरज नव्हती. लाकडाच्या घरांची सवय लागलेल्या हातांनी त्या कोरल्या. हे सगळे ठाऊक असूनही सागवान म्हणजे काय हे आम्हांला रंधा मारल्यावर कळले. चौकटीवर रंगाचे थर होते: वर हिरवा ऑइलपेंट, त्याखाली निळा, त्याखाली काव. रंधा पहिल्यांदा नुसता घसरला. मग त्याचे पाते थोडे बाहेर काढल्यावर अडकला. नाना खुर्चीवर बसून पाहत होते. म्हणाले, "फळी फिरीव." फळी उलट दिशेने धरल्यावर तोच रंधा सरळ गेला आणि त्याच्या तोंडातून कागदासारखा पातळ पापुद्रा वर आला. खालून मधाच्या रंगाचे लाकूड निघाले आणि सगळ्या गच्चीवर एक तेलकट, थोडा कातड्यासारखा वास सुटला. सत्तर-पंचाहत्तर वर्षे बंद असलेला वास होता तो. नाना उठून आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

लाकडाला रेषा असतात, त्या रेषा पृष्ठभागाशी तिरप्या असतात, आणि ज्या बाजूने त्या खाली उतरतात त्या बाजूने रंधा मारला तर हत्यार त्यांच्या पोटात शिरून लाकूड उचकटते, ही त्यामागची साधी गोष्ट. मांजराच्या पाठीवरून हात फिरवण्यासारखी. सागवानात वाळूचा अंश असतो, त्यामुळे पात्याची धार लवकर जाते, हेही कळले. दर अर्ध्या तासाला दगडावर धार लावावी लागे. आमच्या कामाचा निम्मा वेळ धार लावण्यातच गेला असेल. पहिल्या दिवशी आम्ही पटाशी दगडावर अशी काही घासली की तिची कड गोल होऊन बसली. नाना काही बोलले नाहीत. सुनेच्या मागे येऊन त्यांनी तिच्या दोन्ही हातांवर आपले दोन्ही हात ठेवले. थरथरत होते, पण दाबाने हळूहळू थांबले. कोन कसा धरायचा ते तिला तसे कळले. मुलगा शेजारीच उभा होता. त्याच्या हातांवर त्यांनी हात ठेवले नाहीत.

हे लिहिताना आम्हां दोघांत थोडी चर्चा झाली, हे वाक्य ठेवावे की नाही याची. ठेवले आहे.

मोजमापाकडे वळू. सुताराचा इंच आठ सुतांचा. टेप आमच्याकडे होती, तिच्यावर मिलिमीटरही होते, पण नाना सुतांत बोलत आणि आम्हांलाही तेच बरे वाटू लागले. 'सुतार' हा शब्द 'सूत्रधार'पासून आला हे भाषाविज्ञानाच्या तासाला सांगताना आम्ही नाटकातल्या सूत्रधाराकडे वळून मोकळे होतो. वर्गाला तेच आवडते. इथे नानांनी पेटीतून दोऱ्याचे एक रीळ काढले, दोरा कावेत बुडवला, एक टोक सुनेला धरायला दिले, दुसरे स्वतः पायाच्या अंगठ्याखाली दाबले आणि मधे चिमटीत उचलून सोडून दिला. फळीवर एक तांबडी रेघ उमटली, पट्टीनेही येणार नाही इतकी सरळ. हात हलत होता, दोरा नाही. आम्ही एकमेकांकडे पाहिले. शब्दाची व्युत्पत्ती आम्ही पंधरा वर्षे सांगत होतो आणि तो धागा पहिल्यांदा पाहत होतो.

कलमदानाचा आराखडा असा होता: लांबी दहा इंच, खोली सहा इंच, उंची चार इंच. तळ दोन फळ्या जोडून. आत दोन आडोसे, म्हणजे तीन खण. एक पेनांसाठी, एक खडू-पिनांसाठी, आणि मधला रुंद खण चष्मे आणि उरलेल्या संसारासाठी. कोपरे खाच-जिभेचे, आणि त्यांत गिरमिटाने भोके पाडून बांबूचे खिळे. लोखंडी खिळे नकोत असे नानांनी आधीच सांगितले होते. आडोसे नुसते चिकटवायचे नाहीत, तर पुढच्या आणि मागच्या फळीत एकेक सूत खोल खाच पाडून तिच्यात वरून सरकवायचे.

इथेच ती चूक झाली. पुढची फळी आणि मागची फळी यांच्यामधले आतले अंतर आम्ही तीनदा मोजले, दोघांनी वेगवेगळे मोजले, कागदावर लिहून काढले आणि अगदी त्या मापाचे दोन आडोसे कापले. करवत मुलाने चालवली. काप सरळ आला. नानांच्या घरातल्या पुढच्या पिढीने कापलेली ती पहिलीच फळी, आणि ती सरळ आली होती. मग आडोसे बसवून पाहिले तर ते दोन्ही भिंतींना जेमतेम टेकत होते. खाचेत शिरतच नव्हते. खाचेत एक सूत या बाजूला जायला हवे, एक सूत त्या बाजूला. दोन सूत आम्ही धरलेच नव्हते. आणि फळी तेवढीच होती.

नाना म्हणाले, "खाचंतलं लाकूड दिसत न्हाई, म्हणून मोजायचं न्हाई व्हय?"

मुलाने विचारले, "तुम्ही बघत होता ना? मग कापायच्या आधी का नाही सांगितलं?"

"मला वाटलं, एवढं ठावं असंल."

"कुठून ठाऊक असणार? शिकवलंत का कधी? गावातल्या कुणाच्याही पोराला शिकवलंत. मला पेटीला हात लावू दिला नाहीत."

हे बोलणे चौतीस वर्षे थांबलेले होते. एका आडोशाच्या निमित्ताने ते बाहेर आले, आणि आल्यावर सगळ्यांनाच जरा ओशाळल्यासारखे झाले. नाना बराच वेळ फळीवरून बोट फिरवत राहिले. नंतर ते जे बोलले ते तुकड्यातुकड्यांनी बोलले, आणि ते त्यांच्या शब्दांत सगळे मांडणे आम्हांला जमणार नाही. सुगीला खळ्यावर बलुते घ्यायला जावे लागे, हे आम्हांला माहीत होते. त्यांच्या वडिलांबरोबर ते लहानपणी जात. वर्षभर नांगर, कुळव, पाभर नीट करून दिलेली असे, मध्यरात्री गाडीचा कणा मोडला म्हणून उठवून नेलेले असे. आणि सुगीत मात्र धान्याची रास होईपर्यंत खळ्याच्या कडेला उभे राहायचे. बस म्हणत नसत. मोजून देताना कुणी हात आखडता घेई, कुणी वरून बोलून दाखवी. पुढे ट्रॅक्टर आले, बाभळीच्या अवजारांचे काम गेले, मग नानांनी दारे-खिडक्या केल्या. पैसे रोख मिळू लागले, पण मागायला दारात उभे राहणे तसेच राहिले. "पटाशी घावली असती तर तू तिथंच ऱ्हायला असतास," ते म्हणाले. "तुझा हात चांगला हुता. बोट कापलं त्याच्या आधी मी बघितला हुता. म्हणूनच कुलूप घातलं."

बोट कापले म्हणून कुलूप घातले, अशी घरातली कथा होती. हात चांगला होता म्हणून घातले, हे आम्ही त्या दिवशी ऐकले.

बलुतेदारीवर आम्ही व्याख्याने दिली आहेत. दया पवारांच्या 'बलुतं'चे (१९७८) शीर्षक समजावून देताना गावगाड्याच्या अर्थव्यवस्थेचा तक्ता आम्ही फळ्यावर काढतो. एका चर्चासत्रात आम्ही दोघांनी मिळून 'श्रमाचे सौंदर्य' अशा काहीशा मथळ्याचा निबंधही वाचला होता, आणि त्यात कारागिराच्या हाताविषयी जे लिहिले होते ते आता काढून वाचवत नाही. त्या निबंधातला कारागीर कायम काम करीत असतो. तो खळ्याच्या कडेला कधी उभा नसतो. एका अर्थाने ग्रामीण साहित्याची आमच्यासारखी मध्यमवर्गात पोचलेली माणसे जी समीक्षा करतात तिचा हा दोष आहे असे म्हणता येईल, पण समीक्षेवर ढकलण्याइतकी ही गोष्ट सोपी आहे असे आम्हांला वाटत नाही. आपल्या मुलाचा हात चांगला आहे हे ओळखून तो हात त्या कामापासून तोडणारा बाप चूक होता का? आम्ही ज्या पगारावर जगतो, ज्या घराच्या गच्चीवर हौसेने लाकूड तासतो, ते सगळे त्या कुलपाचेच देणे आहे. आणि तरीही त्या दिवशी आडोसा हातात धरून उभ्या असलेल्या सेहेचाळीस वर्षांच्या माणसाचे काहीतरी गेले होते, ते खरेच गेले होते.

दुसऱ्या दिवशी नाना गच्चीवर आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. आम्ही आडोसे तसेच ठेवून पुढची फळी घासत बसलो. काचकागदाने घासून घासून ती गुळगुळीत झाली, तरी घासतच होतो.

चौथ्या दिवशी सकाळी सहाच्या सुमारास वर काहीतरी वाजले. जाऊन पाहिले तर नाना फळी मांडीवर घेऊन बसले होते आणि त्यांच्या हातात परकार होता, दोन्ही टोकांना पोलादी अणकुच्या असलेला जुना परकार. आम्हांला वाटले होते की नक्षीच्या रेघा आपल्यालाच काढाव्या लागणार. गेली तीन वर्षे नानांना स्वतःची सहीसुद्धा करता येत नाही, बँकेत अंगठा देतात. पण परकाराचे एक टोक लाकडात रुतवले की दुसरे टोक कुठे जाणार? हात थरथरला तरी ते त्याच वर्तुळावर थरथरते. फळीवर तीन वर्तुळे होती, बारा सुतांच्या त्रिज्येची, आणि तिन्ही निर्दोष होती.

त्यांनी मुलाला हाक मारली. "मास्तर, इकडं या." मास्तर हे ते रागात म्हणतात की प्रेमाने, हे ठरवणे आम्ही केव्हाच सोडले आहे.

पुढचे त्यांनी त्याच्याकडून करून घेतले. परकार तसाच ठेवून, त्याचे माप न बदलता, टोक वर्तुळाच्या परिघावर ठेवायचे आणि कंस काढायचा. तो केंद्रातून जातो आणि परिघाला दोन ठिकाणी छेदतो. छेदला तिथे पुन्हा टोक. असे फिरत गेले की सहाव्या वेळी बरोबर पहिल्या जागी येऊन पोचतो, आणि मधे सहा पाकळ्यांचे फूल तयार होते. शाळेच्या कंपासपेटीतून हे फूल कुणी काढले नाही? पण ते जुन्या गाड्यांवर, पाटांवर, देव्हाऱ्यांवर सगळीकडे का दिसते याचे उत्तर आम्हांला तेव्हा मिळाले. त्याला चित्रकला यावी लागत नाही, पट्टी लागत नाही, अक्षरओळखही लागत नाही. परकार उघडा आणि फिरा. सहा हा आकडा कुणी ठरवलेला नाही. तो वर्तुळातच असतो.

कोरण्याचे काम दोघांनी वाटून घेतले. तीन फुले, अठरा पाकळ्या. पाकळीच्या मध्यातून टोकापासून टोकापर्यंत पटाशी उभी धरून मोगरीने हलकेच ठोकत एक चीर पाडायची. मग एका बाजूच्या रेघेपासून त्या चिरेकडे तिरपे उतरायचे, नंतर दुसऱ्या बाजूने. दोन उतार तळाशी मिळाले की ढलपी आपोआप सुटून बाहेर पडते. कागदावर हे एवढेच आहे. लाकडावर अडचण अशी की सहा पाकळ्या सहा दिशांना जातात आणि लाकडाची रेषा एकाच दिशेला. रेषेच्या बाजूने पडलेल्या दोन पाकळ्यांत हत्यार रेषा पकडून पळते, थांबवले नाही तर वर्तुळाच्या बाहेर जाते. तिरप्या चार पाकळ्यांत एक उतार लोण्यासारखा उतरतो आणि दुसरा उचकटतो; तो उलट्या अंगाने, फळी फिरवून घ्यावा लागतो. 'लिख्' या धातूचा मूळ अर्थ ओरखडणे, खरवडणे असा आहे, हे आम्ही शिकवतो. लिहिणे म्हणजे आधी कशावर तरी ओरखडा काढणे. पण कागद ओरखड्याला विरोध करीत नाही. आम्हांला तरी कधी केलेला आठवत नाही. पंचवीस वर्षे कोणत्याही दिशेने लिहून ते चालून गेले आहे.

सुनेचा हात चांगला निघाला. तिची नऊ फुलपाकळ्यांची वाटणी आधी पुरी झाली आणि ती स्वच्छ आहे. नाना तिला म्हणाले, "तुझ्या बानं सुतारकी केलती काय गं?" तिचे वडील पोस्टात कारकून होते. मुलाच्या नऊपैकी दोन पाकळ्यांची टोके उडाली. एक रेषेच्या बाजूची. तिथे पटाशी पळाली. दुसरी मधल्या फुलाची खालची, तिथे धार गेली होती आणि तो धार लावायला उठला नाही, नुसता जोर लावला. तुटलेले टोक चिकटवता आले असते; ते गच्चीच्या भुशात सापडले नाही. पण त्या दोन सोडल्या तर बाकीच्या सात पाकळ्यांचे उतार नाना अंगठ्याने चाचपून पाहत राहिले, डोळे मिटून. काही म्हणाले नाहीत.

जोडणीचे फार सांगत नाही. कोपरे बसले, बांबूचे खिळे बसले. तळाच्या दोन फळ्या चिकटवण्यापूर्वी सागाचा तेलकटपणा काढून घ्यावा लागतो, नाहीतर फेविकॉल धरत नाही, ते केले. आखूड आडोसे तळालाच चिकटवून उभे केले. शेवटी जवसाचे तेल, तीन हात, प्रत्येक हातामध्ये दोन दिवस. तेल लावल्यावर लाकूड जे काही होते त्याचे वर्णन करण्याचा मोह आवरतो. तेलाची फडकी मात्र नानांनी आम्हांला चुरगाळून टाकू दिली नाहीत. दोरीवर पसरून वाळवायला लावली. जवसाच्या तेलाचे चिंध्यांचे बोळे आपोआप पेट घेतात. गावात एका सुताराची शेड तशीच गेली होती म्हणे.

कलमदान आता टेबलावर आहे. टेबलाची अवस्था फारशी सुधारलेली नाही. पेनांचा खण भरला आणि उरलेली पेने पुन्हा वह्यांवर पसरली. पाहुणे पुढची फुले पाहून कौतुक करतात आणि कुठून घेतले ते विचारतात. दोन टोके उडालेली आहेत हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आडोशांच्या कडेला, वरून पाहिले तर, दोन्ही बाजूंना एकेक सूत रुंदीची अंधारी फट दिसते. ती मात्र ज्याला माहीत आहे त्याला पहिल्यांदा तीच दिसते.

ती बुजवता येते. त्याच लाकडाचा भुसा फेविकॉलमध्ये कालवून दाबून भरायचा, वाळला की काचकागद मारायचा. रंग मिळून जातो. त्यासाठी नानांनी काम संपल्याच्या दिवशी गच्चीवरचा बारीक भुसा स्वतः गोळा केला, चाळणीतून चाळला आणि गेल्या सत्राच्या एका प्रश्नपत्रिकेत पुडी बांधून ठेवला. पुडी सुटत होती, तिला सुनेने दोरा गुंडाळून दिला. अधूनमधून ते विचारतात, "भरलं का रं ते?"

अजून भरलेले नाही. पुडी मधल्या खणात, चष्म्यांच्या शेजारी ठेवलेली आहे.